डीबीएसचं डोक्याचं मॉडेल: अचूकता ठरते ती कॉन्टॅक्टपासून तीन मिलिमीटरांत

पार्किन्सनसाठी डीबीएस, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन, करताना मेंदूत लीड (धातूचे कॉन्टॅक्ट असलेली बारीक तार) बसवतात. ती बसवली की पुढचा प्रश्न असतो तो करंट नेमका कुठपर्यंत पोचतोय याचा. एसटीएन, म्हणजे सबथॅलॅमिक न्यूक्लियस, हे लक्ष्य जेमतेम दीडशे घनमिलिमीटरचं. त्याच्या बाहेरच्या आणि पुढच्या अंगाला इंटर्नल कॅप्सूल, म्हणजे हालचालीचे आदेश नेणाऱ्या तंतूंचा जुडगा, आहे. तिथे करंट गेला की चेहरा किंवा हात ओढल्यासारखा होतो. मागच्या बाजूला मीडियल लेम्निस्कस हा संवेदना नेणारा पट्टा, तिथे मुंग्या येतात. आतल्या बाजूला डोळे हलवणाऱ्या मज्जातंतूचे धागे जातात, ते चेतले की एकाचे दोन दिसू लागतात. एवढ्या दाटीत एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर चित्र बदलतं. म्हणून संगणकावर रुग्णाच्या डोक्याचं मॉडेल करून विद्युत क्षेत्र काढतात.

या मॉडेलांबद्दल एक समज पक्का बसलेला दिसतो: त्वचा, कवटी, मेंदूजल, करडा आणि पांढरा भाग असे जितके जास्त थर घालू तितकं मॉडेल अचूक. डीबीएसच्या बाबतीत मला हा समज घातक वाटतो, कारण त्यामुळे मेहनत चुकीच्या जागी जाते. थोडं हाताने गणित केलं की ते लगेच कळतं.

एकसारख्या माध्यमात बिंदूतून I एवढा करंट सोडला तर r अंतरावर क्षेत्र I/(४πσr²) असतं. σ म्हणजे ऊतीची वाहकता. ३ मिलिअँपिअर करंट, वाहकता ०.२ सीमेन्स प्रति मीटर, आणि तंतू चेतण्याची मर्यादा ०.२ व्होल्ट प्रति मिलिमीटर धरा. त्रिज्या येते २.४४ मिमी, चेतलेलं आकारमान ६१ घनमिमी. आता बाकी काहीही न बदलता वाहकता ०.१ करा: त्रिज्या ३.४५ मिमी, आकारमान १७३ घनमिमी. ०.३ करा: २ मिमी आणि ३३ घनमिमी. वाहकतेचे हे तिन्ही आकडे वेगवेगळ्या मोजमापांच्या आधारे कुणीतरी वापरलेलेच आहेत. म्हणजे तक्त्यातून कुठली ओळ उचलली एवढ्यावर उत्तर पाचपट बदलतं. त्यात ऊतींच्या वाहकतेसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या गॅब्रिएल यांच्या १९९६ च्या मोजमापांतले कमी वारंवारतेचे आकडे आणि जिवंत ऊतीतले आकडे जुळत नाहीत, ही अडचण आहेच. मेंदूजलाचा आकडा मात्र भरवशाचा आहे: शरीराच्या तापमानाला १.७९ सीमेन्स प्रति मीटर. खोलीच्या तापमानाला मोजलेला १.४५ तिथे चुकून वापरू नये.

ही वाहकतेची गोष्ट झाली करंट नियंत्रित, म्हणजे ठरलेला करंट सोडणाऱ्या बॅटरीसाठी (बॅटरी म्हणजे छातीतली, लीडला करंट पुरवणारी डबी). जुन्या बॅटऱ्या व्होल्टेज नियंत्रित होत्या. तिथे सगळं गणित फिरतं, आणि तिथेच लीडभोवतीचं आवरण कळीचं ठरतं.

लीड बसवल्यावर काही आठवड्यांत तिच्याभोवती पेशींचं पातळ आवरण तयार होतं. मॉडेलमध्ये ते साधारण अर्धा मिलिमीटर जाड धरतात, वाहकता ०.१ च्या आसपास. मेडट्रॉनिकची ३३८९ लीड घेऊ: व्यास १.२७ मिमी, प्रत्येक कॉन्टॅक्ट १.५ मिमी उंच, पृष्ठफळ सुमारे ६ चौरस मिमी. एवढ्याच पृष्ठफळाचा गोल कल्पिला तर त्याची त्रिज्या ०.६९ मिमी. आवरण नसताना, ०.२ वाहकतेच्या ऊतीत त्याचा प्रतिरोध सुमारे ५७७ ओहम. अर्धा मिलिमीटर आवरण घातलं की आवरणाचे ४८५ आणि बाहेरच्या ऊतीचे ३३४ मिळून ८१९ ओहम. म्हणजे अर्ध्याहून जास्त व्होल्टेज पहिल्या अर्ध्या मिलिमीटरमध्येच खर्ची पडतं. ३ व्होल्ट दिले तर आवरणाशिवाय ५.२ मिलिअँपिअर वाहतात, आवरणासह ३.७. चेतलेलं आकारमान १३९ वरून ८२ घनमिमीवर येतं. हाच रुग्ण करंट नियंत्रित बॅटरीवर असता तर आवरणाबाहेरच्या क्षेत्रात जवळपास फरक पडला नसता, कारण ठरलेला करंट आवरणातून बाहेर येणारच असतो. तेव्हा मॉडेल हाती घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो बॅटरी कुठल्या पद्धतीने चालते आहे हा. जुन्या नोंदीत ‘३.० व्ही’ लिहिलेलं पाहून ३ मिलिअँपिअर घातलेली मॉडेलं अजून दिसतात. ती दोन सेटिंग समान ठरायला प्रतिरोध बरोबर १००० ओहम असावा लागतो.

आवरण कायम तसंच राहतं असंही नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत लीडभोवती सूज आणि द्रव असतो, प्रतिरोध कमी असतो. मग तो आठवड्यांत वाढतो. ऑपरेशन थिएटरमधल्या चाचणीचं मॉडेल आणि सहा महिन्यांनंतरच्या सेटिंगचं मॉडेल यात आवरणाची वाहकता एकच ठेवली तर दोन्हींपैकी एक चुकणार.

लीडची स्वतःची मांडणी हा भाग सोपा आहे, पण तिथेही घोटाळे होतात. प्लास्टिकचा दांडा वाहक नाही, तो मेशमधून, म्हणजे मॉडेल ज्या बारीक तुकड्यांत विभागतात त्या जाळीतून, कापून काढावाच लागतो. तिथे ऊती भरलेली राहिली तर जिथे करंट जाऊच शकत नाही तिथे तो जातो आणि बाजूचं क्षेत्र कमी दिसतं. बंद असलेले कॉन्टॅक्ट हे धातूचे आहेत, प्लास्टिकचे नव्हेत. त्यांच्या पृष्ठभागावर सगळीकडे एकच व्होल्टेज, आणि निव्वळ करंट शून्य, अशी अट लावायची. अशा बंद कॉन्टॅक्टमधून करंट एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने निघतो, त्यामुळे दांड्याला समांतर क्षेत्र थोडं सपाट होतं. ३३८९ मध्ये दोन कॉन्टॅक्टमधलं अंतर फक्त अर्धा मिलिमीटर असल्याने हा परिणाम सोडून देण्यासारखा नाही.

लीडचा नमुना चुकीचा निवडला तर किती फरक पडतो, तेही पाहा. ३३८९ आणि ३३८७ दोन्हीत टोकापासून पहिल्या कॉन्टॅक्टपर्यंत दीड मिलिमीटर. पण ३३८७ मध्ये दोन कॉन्टॅक्टमधली जागा अर्ध्याऐवजी दीड मिलिमीटर आहे. त्यामुळे सर्वात खालच्या कॉन्टॅक्टचा मध्य दोन्हीत २.२५ मिमीवरच येतो आणि सगळं ठीक वाटतं. सर्वात वरच्या कॉन्टॅक्टचा मध्य मात्र एकीत ८.२५ आणि दुसरीत ११.२५ मिमीवर. तीन मिलिमीटरची चूक, आणि ती फक्त वरचे कॉन्टॅक्ट वापरणाऱ्या रुग्णांत दिसते.

आता सगळ्यात मोठा मुद्दा: लीड नेमकी आहे कुठे.

क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. कॅप्सूलचा एखादा तंतू कॉन्टॅक्टपासून खरोखर २.५ मिमीवर असेल आणि मॉडेल म्हणालं ३ मिमी, तर त्या तंतूवरचं क्षेत्र मॉडेलमध्ये ३१ टक्के कमी येतं. अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीची ही किंमत. कवटीची जाडी बरोबर घालून ती वसूल होत नाही.

जागा ठरवण्यासाठी बहुतेक ठिकाणी शस्त्रक्रियेआधीचा एमआरआय आणि नंतरचा सीटी एकमेकांवर बसवतात. यात काय काय बिघडतं ते क्रमाने सांगतो. डोक्याचा सीटी पुष्कळदा यंत्राची कमान तिरकी करून काढतात. अशा फाइलमधल्या चकत्या एकमेकींच्या बरोबर डोक्यावर नसतात, सरकत जातात. रूपांतर करताना हे लक्षात घेतलं नाही तर अख्खं डोकं तिरपं होतं. डीसीएम२एनआयआयएक्स हा मोफत प्रोग्रॅम तिरकेपणा ओळखून दुरुस्त केलेली वेगळी फाइल देतो. पुढे तीच घ्यायची, शेजारी पडलेली मूळ नव्हे. शक्य असेल तर रेडिओलॉजीला आधीच सांगावं: कमान सरळ, चकती १ मिमी किंवा त्याहून पातळ. दोन मिलिमीटरच्या चकत्यांत लीडचं टोक एक मिलिमीटर वरखाली कुठेही असू शकतं.

दुसरी अडचण चमकेची. धातूची घनता सीटीच्या नेहमीच्या मापपट्टीत मावत नाही. ती ३०७१ हाउन्सफिल्डला संपते आणि त्याच्या वरचं सगळं एकाच पांढऱ्या रंगात जातं. सव्वा मिलिमीटरची लीड त्यात दोन-तीन मिलिमीटर रुंद दिसते. विस्तारित मापपट्टीवर प्रतिमा साठवायला सांगितली की लीडच्या आतला चढउतार दिसतो आणि कॉन्टॅक्टचे उंचवटे वेगळे ओळखू येतात. टोकावर एक टिचकी मारून जागा ठरवण्यापेक्षा लीडच्या संपूर्ण लांबीभर धातूचा मध्य काढून त्यातून वक्र बसवणं चांगलं. त्यासाठी तयार केलेलं पेसर हे साधन लीड-डीबीएस या प्रोग्रॅममध्ये जोडलेलं आहे. वक्र बसला की कॉन्टॅक्टचे उंचवटे ३३८९ साठी दर २ मिमीवर येतात का, हे मोजून घ्यावं. येत नसतील तर नमुना तरी चुकला आहे किंवा प्रतिमेची लांबीरुंदी तरी.

तिसरी अडचण हवेची. कवटीला भोक पाडल्यावर मेंदूजल थोडं वाहून जातं, हवा आत शिरते आणि मेंदूचा पुढचा भाग खाली बसतो. शस्त्रक्रियेच्याच दिवशी काढलेल्या सीटीत लीड थोडी वाकलेली दिसते. दोन-तीन आठवड्यांत हवा शोषली जाते, मेंदू मूळ जागी येतो आणि ऊतीच्या तुलनेत लीड सरकते. त्या पहिल्या सीटीवरून केलेलं मॉडेल त्या दिवसापुरतंच खरं. प्रोग्रॅमिंगसाठी मॉडेल हवं असेल तर महिन्याभराने पुन्हा सीटी काढणं हा खरा उपाय. ते जमत नसेल तर लीड-डीबीएसमधली मेंदूच्या सरकण्याची दुरुस्ती वापरावी: ती कवटी सोडून मेंदूच्या मधल्या भागापुरतं दोन्ही प्रतिमा पुन्हा जुळवते. दुरुस्तीनंतर तिसऱ्या व्हेंट्रिकलच्या (मेंदूजलाच्या मधल्या पोकळीच्या) कडा दोन्ही प्रतिमांत एकावर एक बसतात का ते डोळ्यांनी पाहायचंच. आकडेवारी छान आली म्हणून पुढे जाऊ नये, कारण जुळवणीचा आकडा कवटीच्या जोरावरही छान येतो.

एसटीएनची कड शोधताना अॅटलास, म्हणजे मेंदूचा तयार नकाशा, वापरला तर आणखी एक चूक मिसळते. एमएनआय १५२ हा साचा तरुण माणसांच्या मेंदूंवरून बनलेला आहे. आपला रुग्ण साठीचा, व्हेंट्रिकल रुंदावलेले. साचा ताणून बसवताना नेमक्या मध्यभागीच सगळ्यात जास्त ताण पडतो. एमआरआयच्या टी२ प्रतिमेत एसटीएन दिसत असेल तर अॅटलासची कड आणि दिसणारी कड यातलं अंतर मोजावं. त्या अंतराहून सूक्ष्म निष्कर्ष काढायचे नाहीत.

दिशादर्शक लीडमध्ये (जिच्यातून करंट एका बाजूला वळवता येतो) आणखी एक कोन वाढतो. १-३-३-१ मांडणीत मधल्या दोन कड्या तीन-तीन तुकड्यांत विभागलेल्या असतात, एका तुकड्याचं क्षेत्रफळ जेमतेम दीड-दोन चौरस मिमी. बसवताना लीडवरची खूण पुढे ठेवली तरी लीडला पीळ पडतो आणि आतली दिशा बदलते. सीटीत खुणेभोवती उमटणाऱ्या चमकेच्या पट्ट्यांवरून दिशा काढता येते, पण त्या पट्ट्या समोर आणि पाठीमागे सारख्याच दिसतात. १८० अंशांची चूक तिथे होते. खुणेचा जास्त भरीव भाग कुठल्या बाजूला आहे हे पाहून, आणि शक्य असल्यास एक्स-रेशी ताडून, ती मिटवावी.

पांढऱ्या भागात वाहकता सगळ्या दिशांना सारखी नसते. मांजराच्या इंटर्नल कॅप्सूलमध्ये तंतूंच्या दिशेने ती आडव्या दिशेच्या सुमारे दहापट मोजली गेली आहे. मॉडेलमध्ये हे डिफ्यूजन एमआरआयवरून (पाण्याच्या हालचालीवरून तंतूंची दिशा दाखवणाऱ्या प्रतिमेवरून) घालतात. कल्पना बरोबर आहे, अंमलबजावणी नाजूक. प्रतिमेची एक चौकट दोन मिलिमीटरची असली तर एसटीएनच्या रुंदीत दोन-तीनच चौकटी बसतात. डिफ्यूजनच्या प्रतिमा एका अक्षात ताणल्या जातात, त्या उलट दिशेच्या जोड-प्रतिमेने सरळ केल्याशिवाय वापरू नयेत. टेन्सरचे, म्हणजे प्रत्येक चौकटीतली दिशा सांगणारे, सहा आकडे एफएसएल हा प्रोग्रॅम एका क्रमाने लिहितो आणि एमआरट्रिक्स दुसऱ्या. पहिल्यात xx, xy, xz, yy, yz, zz. दुसऱ्यात आधी xx, yy, zz आणि मग xy, xz, yz. क्रम चुकला तरी प्रोग्रॅम चालतो, सुंदर चित्रही येतं, फक्त कॅप्सूलचे तंतू भलतीकडे वळलेले असतात. कॅप्सूलमध्ये मुख्य दिशा वरखाली आणि कॉर्पस कलोझमच्या (मेंदूचे दोन अर्धे जोडणाऱ्या पट्ट्याच्या) मध्यावर डावी-उजवी येते ना, एवढी एक नजर टाकली की हे पकडता येतं. प्रतिमा फिरवली असेल तर टेन्सरही फिरवावे लागतात. आणि दिशांनुसार वाहकता बदलताना तिन्ही दिशांचा गुणोत्तर मध्य आधीच्या एकसारख्या वाहकतेइतकाच ठेवावा. नाहीतर सरासरी बदलल्यामुळे पडलेला फरक दिशेच्या नावावर खपतो, आणि या विषयातली बरीच तुलना मला त्यामुळेच पटत नाही.

मेशबद्दल थोडक्यात. कॉन्टॅक्टपाशी ०.१ मिमी किंवा त्याहून बारीक चतुष्फलक, लांब गेल्यावर काही मिलिमीटरचे चालतात. कॉन्टॅक्टच्या कडेला करंटची घनता सैद्धांतिकदृष्ट्या अनंताकडे जाते. म्हणून सर्वाधिक क्षेत्र हा आकडा मेश बारीक करत गेलं तरी कधीच स्थिरावत नाही. स्थिरावला का ते पाहायचं असेल तर कॉन्टॅक्टपासून १, २ आणि ३ मिमीवर पाहावं. तंतू चेतण्यासाठी व्होल्टेजचा दुसरा अवकलज लागतो, आणि पहिल्या घाताच्या घटकात तो आतमध्ये शून्यच असतो. अशा मेशवर अवकलज काढला तर हाती लागतो तो फक्त घटकांच्या सीमांचा खडखडाट. दुसऱ्या घाताचे घटक वापरावेत किंवा तंतूवर व्होल्टेज घेऊन केबल मॉडेल (तंतूला विद्युत केबल मानणारं गणित) सोडवावं. उकल मात्र पुन्हा पुन्हा करू नये. समीकरण रेषीय आहे, तेव्हा प्रत्येक कॉन्टॅक्टला १ मिलिअँपिअर देऊन एकेकदा सोडवायचं आणि करंटचं हवं ते वाटप बेरजेने मिळवायचं.

आता कवटी. एकध्रुवी सेटिंगमध्ये करंट छातीतल्या बॅटरीच्या डबीकडे परततो, म्हणजे मानेतून जातो. मानेचा छेद सुमारे १०० चौरस सेंमी. ३ मिलिअँपिअर तेवढ्यातून गेले की ०.३ वाहकतेत क्षेत्र होतं सुमारे १ व्होल्ट प्रति मीटर. तंतू चेतायला लागतात २००. कवटी करंटला कुठे वळवते यावरून कॉन्टॅक्टजवळ पडणारा फरक साधारण या पातळीचा. डोक्याऐवजी २ सेंमी त्रिज्येचा, बाहेरून जमिनीला जोडलेला गोल घेतला तरी प्रतिरोध साडेतीन टक्क्यांनीच घटतो. त्यामुळे डोक्याच्या पूर्ण मॉडेलमध्ये कवटी असली तर उत्तमच, पण त्याआधी सीटीचा तिरकेपणा तपासलेला हवा. मेंदूजलाचं मात्र वेगळं. कॉन्टॅक्ट व्हेंट्रिकलला किंवा पायथ्याच्या जलकुंडाला लागून असेल तर ते थर घालावेच लागतात, तिथे करंट खरोखर वाट बदलतो. आणि मॉडेलचा उपयोग टाळूवर नोंदलेले प्रतिसाद समजण्यासाठी असेल तर कवटीशिवाय गत्यंतर नाही.

अशा तुलनांत टक्केवारी कशाची आहे ते पाहावं. ३ सेंमीवरचं व्होल्टेज दोन मॉडेलांत ४० टक्के वेगळं असू शकतं आणि चेतलेले तंतू तेच राहू शकतात.

शेवटची कडी मर्यादेची. ०.२ व्होल्ट प्रति मिलिमीटर हा आकडा ६० मायक्रोसेकंदांच्या पल्ससाठी आणि तीन-चार मायक्रोमीटरच्या तंतूंसाठी ठीक आहे. जाड तंतू कमी क्षेत्राला चेततात, पल्स रुंद केली तरी मर्यादा उतरते. मर्यादा ०.१ धरली तर त्रिज्या १.४१ पट आणि आकारमान २.८ पट. ९० मायक्रोसेकंदांवर असलेल्या रुग्णाला ६० ची मर्यादा लावणं ही नेहमी दिसणारी चूक. केबल मॉडेलमध्ये बरीच वर्षं ५.७ मायक्रोमीटरचे तंतू वापरले गेले. माणसाच्या मेंदूतले बहुतेक तंतू त्याहून बारीक, म्हणून ती उत्तरं फुगलेली असतात. तंतू कॉन्टॅक्टजवळून सरळ जातो, वळतो की तिथेच संपतो, यावरही मर्यादा बदलते आणि नुसता गोल फुगा ते दाखवू शकत नाही.

मॉडेल खरं आहे का ते रुग्णाकडूनच कळतं. प्रत्येक कॉन्टॅक्टवर एकेक करून करंट वाढवत किती मिलिअँपिअरला चेहरा किंवा हात ओढला गेला, याची नोंद प्रोग्रॅमिंगच्या वेळी होतेच. मॉडेलमध्ये कॅप्सूलच्या तंतूंसाठी तेच आकडे काढून शेजारी मांडावेत. आधी प्रतिरोध ताडावा. बॅटरीच्या आकड्यात लीड आणि जोडवायरचे ओहम मिसळलेले असतात, ते वजा करूनच. नंतर फरकाचा नमुना वाचावा. सगळ्या कॉन्टॅक्टवर मॉडेल एकाच प्रमाणात चुकत असेल तर वाहकता किंवा मर्यादा बघा. खाली जुळतंय आणि वर जाताना फरक वाढतोय, तर लीडचा नमुना किंवा सीटीचा तिरकेपणा. एकाच बाजूची लीड चुकतेय आणि पहिल्या सीटीत त्या बाजूला हवा होती, तर मेंदूच्या सरकण्याची दुरुस्ती पुन्हा करा. दिशादर्शक तुकड्यांचा क्रम उलटा येतोय, तर १८० अंश. आणि डाव्या लीडचे आकडे उजवीच्या मॉडेलशी हुबेहूब जुळत असतील, तर फाइल रूपांतरात डावं-उजवं उलटलं आहे. मग मॉडेलमधलं दुसरं काहीही न हलवता आधी तेवढंच दुरुस्त करा.